धारूरच्या माथ्यावर समुद्र

धारूर हे नाव तुमच्यापैकी पुष्कळजणींनी फक्त एसटीच्या पाटीवर वाचलं असेल. बीड जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव बालाघाटाच्या डोंगरावर बसलेलं आहे. तेलगावकडून येताना घाट लागतो. अरुंद, वळणावळणाचा, आणि समोरून उसाची गाडी आली की पोटात गोळा आणणारा! वर आलं की सीताफळीची झुडपं, काळा खडक आणि गावाच्या कडेला किल्ला. जुनी माणसं अजून 'किल्ले धारूर' असंच म्हणतात. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांनी तो अजून पडद्यावरच पाहिलाय. अशा गावात आमच्या मधल्या खोलीत समुद्र कसा मांडला, ते आज सांगणार आहे. कुणाला मांडावासा वाटला तर उपयोगी पडेल. आणि समुद्रघोडा पाळायचं कुणाच्या मनात असेल तर तिने मात्र जरूर वाचावं.

खाऱ्या पाण्याचा विषय आमच्याकडे तसा नवा नाही. किल्ला १५६७ साली आदिलशाहीतल्या किश्वरखानाने बांधला. पुढे १६३१ मध्ये मोगलांनी तो घेतला आणि गावाला फतेहाबाद नाव दिलं. ते कागदावर राहिलं, लोकांच्या तोंडी धारूर ते धारूरच. किल्ल्याला तीन बाजूंनी खोल दरी, उरलेल्या बाजूला खंदक. तिथल्या पाण्याच्या दोन जागांची नावं ऐका, 'गोडी दिंडी' आणि 'खारी दिंडी'. एकीचं पाणी गोड, दुसरीचं खारट, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलंय. कधी आलात तर सकाळच्या वेळी किल्ला बघा, दुपारी दगड तापतात.

मी इथल्या शाळेत अर्धवेळ शिकवते. एकदा ऑफ तासाला मुलींना समुद्रघोड्याची गोष्ट सांगितली. तोंड घोड्याचं, शेपूट माकडासारखी गुंडाळणारी, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या कड्या, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. इथपर्यंत वर्ग शांत होता. पण मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते, दोन-चार आठवडे तोच ती वाढवतो आणि कळा देऊन पिल्लं तोच बाहेर टाकतो, असं म्हटल्याबरोबर असा काही हशा पिकला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "मॅडम, मग आई काय करते?" काय उत्तर देणार! म्हटलं, आई रोज सकाळी भेटायला येते. तेही खरंच आहे. कितीतरी जातींत जोडी ठरलेली असते आणि सकाळी दोघं एकमेकांभोवती फिरून, रंग बदलून जणू रामराम करतात.

माझी धाकटी त्याच वर्गात. घरी येऊन तिने घोषा लावला, आपण समुद्रघोडा पाळायचा. सासूबाईंना वाटलं पाणघोडा! "अगं बाई, तो न्हाणीत तरी मावायचा का?" घोड्याचं नाव दोघांनाही चिकटलंय, पण एक हत्तीच्या खालोखाल आणि दुसरा बोटभर, फार तर वीतभर. हे समजल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न मात्र वर्मी लागणारा होता. "लेकरांना प्यायला पाणी नाही अन् माशाला समुद्र?"

हा प्रश्न आमच्या भागात कुणी थट्टेने विचारत नाही. इथे नळाला पाणी आलं की घरातली कामं बाजूला पडतात, आणि उन्हाळ्यात टँकर ही काही बातमी नसते. तेव्हा आधी हिशेब मांडला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचपेटी. उंच अशासाठी, की समुद्रघोडा उभा पोहतो आणि जोडीच्या नाचातही वर वर चढत जातो. तिच्यात सुमारे ऐंशी लिटर पाणी मावतं. एकदा भरलं की भरलं. पुढे आठवड्याला आठ लिटर बदलायचं, आणि उडून जातं तेवढं रोज घालायचं. सगळं मिळून आठवड्याला पंधरा लिटरच्या आसपास, म्हणजे एका माणसाची एक आंघोळ. ह्यांनी आपली रविवारची बादली जाहीरपणे अर्धी केली तेव्हा सासूबाई हसल्या आणि प्रश्न मिटला.

पाणी मात्र नळाचं नको आणि बोअरचंही नको. बोअरच्या पाण्याने आमच्या पातेल्यांवर पांढरे थर चढतात, ते माशांना कशाला? आम्ही पावसाचं घेतलं. पहिल्या दोन-तीन सरींनी गच्ची धुऊन जाऊ द्यायची, मग पन्हाळीखाली फडकं बांधलेलं पिंप ठेवायचं आणि भरल्यावर घट्ट झाकायचं, नाहीतर डासांची पैदास. भूगोल शिकवते म्हणून हेही सांगते: हा पाऊस अरबी समुद्रावरून आमच्याकडे येतो, आणि इथे पडलेला थेंब मात्र ओढ्या-नाल्यांतून मांजरेला नाहीतर गोदावरीला मिळून पार पूर्वेच्या बंगालच्या उपसागरात जातो. दोन समुद्रांमधल्या वाटेवरचं आमचं गाव. वाटेत चार पिंपं अडवली तर काय बिघडलं?

आता मीठ. स्वयंपाकाचं मीठ घालून समुद्र होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. आपलं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड, वर आयोडीन. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, पोटॅशियम, सल्फेट, आणखी कितीतरी गोष्टी ठरलेल्या प्रमाणात असतात. मत्स्यपेटीच्या दुकानात तयार 'समुद्री मीठ' मिळतं, तेच आणायचं. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम, म्हणजे आमच्या पेटीला पावणेतीन-तीन किलो लागलं. वेगळ्या बादलीत कालवायचं, छोट्या पंपाने रात्रभर घुसळू द्यायचं आणि मगच पेटीत ओतायचं. खारेपणा मोजायला घनतामापक मिळतो. साध्या पाण्याची घनता एक धरली तर समुद्राची १.०२५ च्या आसपास, आणि काटा १.०२३ ते १.०२५ मध्ये हवा.

हे सांगत होते तेव्हा वर्गातल्याच एकीने विचारलं, "मॅडम, मग खारी दिंडीचं पाणी फुकट आहे की!" उत्तर मलाही ऐकायचं होतं. एका रविवारी चौघीजणी किल्ल्यावर गेलो, दोरीला लोटा बांधून पाणी काढलं, घनतामापक बुडवला. काटा जेमतेम हलला! आपल्या जिभेला लिटरमागे दोन-तीन ग्रॅम मीठसुद्धा कळतं, आणि समुद्रात त्याच्या दसपट असतं. पोरींचा चेहरा पडला, पण परत येताना त्या एकमेकींना पस्तीस ग्रॅम, पस्तीस ग्रॅम म्हणून दाखवत होत्या. आता परीक्षेत विसरायच्या नाहीत.

दुसरी एक गोष्ट बायकांना चटकन समजेल. पेटीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. आमटी आटली की खारट होते, तसंच. म्हणून रोज भर घालायची ती साध्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. आम्ही काचेवर रेघ मारून ठेवलीय, पाणी रेघेखाली गेलं की पावसाचं तांब्याभर. बदललेलं खारं पाणी मोरीत नाहीतर संडासात टाकायचं. तुळशीत टाकाल तर तुळस जाईल. पेटीच्या कडांना पांढरी खार फुटते, ती ओल्या फडक्याने पुसत राहायचं. विजेची वायर आधी खाली लोंबू देऊन मग बोर्डाकडे न्यायची, म्हणजे पाणी ओघळलं तरी बोर्डात जात नाही. आणि पेटी टीपॉयवर ठेवायचा विचारही करू नका. पाणी, वाळू, काच मिळून वजन शंभर किलोच्या वर जातं. आम्ही जुन्या शिवणयंत्राचा मोह टाळून लोखंडी घोडी करून घेतली.

भरलेल्या पेटीत लगेच मासे सोडायचे नसतात. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक प्रकारचे सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. हे दोन्ही जीव वाळूत आणि गाळणीत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. म्हणजे विरजण लागायची वाट पाहायची, फक्त रात्रीऐवजी दीड महिना! आमच्याकडे येणारा-जाणारा त्या रिकाम्या पेटीकडे बघून विचारायचा, "मासे कुठे गेले?" धाकटी सांगायची, "विरजण घातलंय."

तोवर आम्ही समुद्रघोड्याचं वाचन चालू ठेवलं, आणि जसजसं वाचत गेलो तसतशी मी मनातून धास्तावत गेले. या प्राण्याला जठरच नाही. दातही नाहीत. खाल्लेलं पोटात साठत नाही, म्हणून दिवसभर टिपत राहावं लागतं. नळीसारख्या तोंडाने तो बारीक जिवंत कोळंबीवर्गीय जीव ओढून घेतो. आमच्या आठवडी बाजारात सुकट मिळते, जवळा मिळतो. समुद्र तसा आमच्याकडे येतोच, पण वाळून! वाळलेलं हा तोंडात घेत नाही. पोहण्यात तर अगदीच दुबळा. पाठीवरचा पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा हलवतो तेव्हा कुठे पुढे सरकतो. म्हणून शेपटीने एखाद्या वनस्पतीला विळखा घालून एका जागी राहायचं आणि समोरून येईल ते टिपायचं, हे त्याचं जगणं. पाण्याला ओढ जास्त नको आणि पाणी चोवीस ते सव्वीस अंशांच्या आसपास हवं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पेटीवर पंखा लावला तर पाणी उडून दोन-चार अंश उतरतात, पण वीज गेली की पंखाही गेला. हवेचा छोटा पंप बॅटरीवर चालतो, पंखा नाही.

एवढं सगळं असूनही लेकीसाठी प्रयत्न करायचा म्हणून ह्यांनी माहिती काढली. कुणाकडून तरी एका व्यापाऱ्याचा नंबर मिळाला. गाव सांगत नाही, नावही नाही. जोडी पिशवीत प्राणवायू भरून बसने पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, पावती द्याल ना? साधी पावती हो, मी दळण घेतलं तरी मागते. तो म्हणाला, "ताई, याची पावती नसते."

पावती नसते म्हणजे काहीतरी आहे. शोधलं तेव्हा कळलं की २००१ साली समुद्रघोडे आणि त्यांचे जवळचे भाईबंद वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. वाघाची जागा तीच! म्हणजे पकडणं, विकणं, घरात बाळगणं, जिवंत असो की वाळलेला, हा गुन्हा, आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा. वाळलेला म्हणण्याचं कारण, जगात याची खरी उलाढाल पेटीसाठी नाही, औषधासाठी चालते. चिनी औषधपद्धतीत वाळवलेला समुद्रघोडा पौरुषासाठी म्हणून खपतो. बाळंतपण करणारा बाप, आणि त्यालाच वाळवून पौरुषाचं औषध! यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच बघा.

ह्यांचं म्हणणं पडलं, "एवढ्याशा जोडीने काय होतंय, कोण येतंय धारूरला बघायला?" खरंच कुणी आलं नसतं. पण ज्या मुलींना मी वर्गात कायदा, संविधान शिकवते त्याच मुली संध्याकाळी आमच्या पेटीसमोर बसतात. शिवाय मला दिसत होती ती पहाटे गेलेली वीज. समुद्रात त्याच्या हजार पिल्लांतली मोजकीच जगतात. त्यातून जगून-वाचून मोठं झालेलं जनावर आमच्या मधल्या खोलीत उष्म्याने मरू द्यायचं, ते कशाला? नंबर पुसून टाकला. धाकटी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, निदान दाखव तरी.

दाखवायचा कुठे? मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय मी लहानपणी पाहिलं होतं, १९५१ पासूनचं. पण ते करोनाच्या काळात बंद झालं आणि पुढे इमारत धोकादायक ठरली. मग दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीचा बेत केला. धारूरहून सोलापूर, मग पंढरपूरवरून मिरज-कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी. पाचशे किलोमीटरच्या वरचा रस्ता, आणि अर्धाअधिक आमच्याच लोकांचा! धारूर तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला याच दिशेने जातात. सांगलीच्या पुढे फडाच्या कडेला पालं आणि कोप्या दिसायला लागल्या, तशी धाकटी खिडकीला नाक लावून बसली. आई काय करते म्हणून विचारणारी ती मागच्या बाकावरची मैत्रीण याच भागात कुठेतरी होती. दिसली नाही.

आंबा घाट उतरताना हवा दमट होत जाते, कपडे अंगाला चिकटतात. आम्हाला ते नवल वाटलं. रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तिथे मत्स्यालय आणि संग्रहालय बघायला मिळतं. देवमाशाचा प्रचंड सांगाडा बघून ह्यांची बोलती बंद झाली. धाकटीला त्याचं काही नव्हतं. ती बाटल्यांच्या रांगेतून फिरत होती. एका बाटलीत, द्रावणात जपलेला, शेपूट आत वळवलेला तो होता. बराच वेळ बघून म्हणाली, "एवढासाच?" आणि मग बोटाने काचेवर त्याच्या कड्या मोजत बसली.

संध्याकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. मासळीच्या पाट्या, बर्फाचा खळखळाट, पायाखाली सगळं निसरडं. मासे निवडणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, समुद्रघोडा येतो का हो कधी? "येतो की कधीमधी. जाळ्याला शेपटी गुंडाळून बसतो, सोडता सोडत नाय. आता कोण ठेवत नाय त्याला. धरला तर टाकतात परत. पण कुठनं आलात तुम्ही?" बीड जिल्हा म्हटल्यावर त्या हात थांबवून बघत राहिल्या. "येवढं लांबनं? घोड्यासाठी?" आणि धाकटीच्या हातात एक शंख दिला.

एक खरं की मावशी म्हणतात तसा परत टाकलेला प्रत्येक जगतोच असं नाही. तळ खरवडत जाणाऱ्या मोठ्या जाळ्यात दबून त्यातले पुष्कळ आधीच मेलेले असतात, आणि ज्या सागरी गवतात तो विळखा घालून राहतो ते गवतही जाळ्याबरोबर उपटून येतं. कायद्याने विक्री थांबवता येते, जाळ्याला हे कोण सांगणार?

परतल्यावर प्रश्न उरला तयार पेटीचा. विरजण लागलेलं, घनतामापकाचा काटा जागेवर, आणि राहणारं कुणी नाही. शोभेचे सगळेच समुद्री जीव चालतात असंही नाही बरं का. पोवळ्याचे खडकसुद्धा २००१ पासून त्याच कायद्यात आहेत, तेव्हा दुकानदार 'जिवंत खडक' म्हणून रंगीत पोवळं दाखवू लागला तर हात जोडा. आम्ही पुण्याहून विदूषक माशांची जोडी आणली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, मुलांना सिनेमामुळे ठाऊक असलेले. हे मासे माणसाने हौदात पैदा केलेले मिळतात. आपल्याकडे ऐरोलीला खाडीकाठी किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथेही हे काम सुरू झालेलं आहे. विचारून, पावती घेऊन, हौदातलेच आणायचे. समुद्रातून धरलेले नकोत. पावती मिळाली, ती मी पेटीच्या घोडीलाच चिकटवलीय.

आणि या जोडीची गंमत ऐका. विदूषक मासे जन्मतः सगळे नर असतात. टोळीत जो सर्वांत मोठा होतो त्याची मादी होते आणि मग हुकूम तिचाच. ती गेली की तिच्या नवऱ्याची मादी! सासूबाईंना हे सांगितल्यापासून त्या रोज दुपारी पेटीसमोर खुर्ची ओढून बसतात. "ती बघ कशी त्याला कोपऱ्यात दाबते." पाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. उलट मार्चमध्ये पिंपाचा तळ दिसू लागला तेव्हा त्यांनीच आपल्या पिण्याच्या शुद्ध पाण्यातला तांब्या पुढे केला.

उन्हाळ्यात पेटी आतल्या, कमी तापणाऱ्या भिंतीला सरकवतो. म्हणजे आधी पाणी निम्मं काढतो, मग सरकवतो. भरलेली कधीही ढकलू नका. ओलं पोतं खिडकीला, दुपारी दिवा बंद, खाद्य निम्मं. हे मासे समुद्रघोड्यापेक्षा पुष्कळ काटक. पोट आहे त्यांना, एखादी वेळ चुकली तरी सोसतात. पेटीची उंची मात्र वाया गेल्यासारखी दिसते. वरचं अर्ध पाणी रिकामंच असतं, ते दोघं खाली. धाकटीने मागच्या काचेला बाहेरून एक चित्र चिकटवलंय, बाटलीतल्याबरहुकूम, कड्या मोजून काढलेला, पोट फुगलेला. समोरून बघितलं की तो पाण्यात, प्लास्टिकच्या वेलीला धरून बसल्यासारखा वाटतो.

एप्रिलमध्ये ऊसतोडीची कुटुंबं परतली. मागच्या बाकावरची ती शाळेत आली, उन्हाने रापलेली, तळहाताला पाचटाचे ओरखडे. सुट्टीत सरळ घरी आली आणि पेटीपुढे उभी राहिली. "मॅडम, झालं का त्याचं बाळंतपण?" मी चित्र दाखवलं, कायदा सांगितला, रत्नागिरीच्या मावशींचं सांगितलं. ती म्हणाली, सहा महिने आम्ही कोल्हापूरकडंच होतो, कुणी सांगितलंच नाही समुद्र एवढ्या जवळ आहे म्हणून. मग तिने विचारलं, माशांना खायला कोण घालतं? आता संध्याकाळचं खाद्य तिच्याकडे दिलंय. चिमूटभर टाकायचं असतं. ती मूठभर टाकते, मी ओरडते, आणि सासूबाई तिचीच बाजू घेतात.